बुश रिव्हरचे क्वेकर ओहायोला का गेले, आणि त्यांच्याबरोबरचा ‘दाखला’ म्हणजे नेमके काय?

बोरीकाठ, अमळनेर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. मी अमळनेरला इतिहास शिकवते. यंदा पदव्युत्तर वर्गाला ‘स्थलांतर’ हा विषय शिकवताना खानदेशाबरोबर बाहेरचेही एक उदाहरण घ्यावे, म्हणून अमेरिकेतील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांच्या पश्चिमेकडील प्रवासाचे वाचन सुरू केले. दक्षिण कॅरोलिनातील बुश रिव्हर येथील त्यांच्या मासिक सभेच्या (दरमहा कामकाजासाठी बसणाऱ्या स्थानिक मंडळीच्या) नोंदी चाळताना मी एका ठिकाणी अडकले. १८०३ नंतरच्या काही वर्षांत एकच मजकूर पुन्हा पुन्हा येतो: अमुक गृहस्थ, त्याची पत्नी आणि मुले यांनी ओहायोतील मायामी सभेच्या नावे दाखला मागितला आणि तो देण्यात आला. बघता बघता सभा रिकामी होते आणि पुढे ती बंदच पडते.

गुलामगिरीचा तिटकारा आणि स्वस्त जमीन ही दोन्ही कारणे पुस्तकांत एकाच वाक्यात दिलेली असतात. त्यांतले वजनदार कोणते, हे विद्यार्थी नक्की विचारतील. दुसरी अडचण शब्दाची आहे. या प्रवासात ‘मिनिस्टर’ सतत भेटतात, परंतु क्वेकरांत पुरोहित नव्हते असेही सगळीकडे लिहिलेले असते. मग हे मिनिस्टर कोण होते आणि कुणाच्या खर्चाने फिरत होते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पांझरा, धुळे

ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो उलगडला की पहिल्याची वाट सापडते.

क्वेकरांची उपासना म्हणजे शांत बसणे. ज्याला आतून बोलण्याची प्रेरणा होई, तो उठून चार शब्द बोले आणि खाली बसे. एखाद्याचे असे बोलणे सभेला दीर्घकाळ खरे आणि उपयोगी वाटले, की मासिक सभा त्याचे नाव ‘मिनिस्टर’ म्हणून आपल्या इतिवृत्तात नोंदवी. त्याला दीक्षा नसे, वेतन नसे, वतनही नसे. म्हणून मराठीत ‘धर्मगुरू’ न म्हणता ‘उपदेशक’ म्हणावे, असे मला वाटते. पोटासाठी तो शेती करी किंवा एखादा धंदा सांभाळी. न्यू जर्सीचा जॉन वूलमन (१७२०–१७७२) हा त्यांच्यातला सर्वांत थोर उपदेशक शिंपीकाम करी आणि फळबाग राखी. १७४६ आणि १७५७ साली तो दक्षिणेकडील वसाहतींत फिरला, तेव्हा गुलाम बाळगणाऱ्या घरी मुक्काम करावा लागला तर निघताना त्या गुलामांच्या कष्टांचे पैसे देण्याचा तो आग्रह धरी. अशा माणसांनी घरोघर बसून शांतपणे केलेल्या बोलण्याचा परिणाम म्हणजे १७७६ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने, म्हणजे त्या भागातील मासिक सभांच्या वरच्या मंडळाने, आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्याची पूर्ण मनाई केली.

उपदेशकाला मनात आले म्हणून निघता येत नसे. आपल्याला अमुक प्रदेशातील सभांना भेट देण्याची ओढ लागली आहे, असे तो आधी आपल्या मासिक सभेपुढे मांडी. सभा त्यावर विचार करी, आणि सर्वांचे मन एक झाले तर त्याला लेखी अनुमती मिळे. बहुधा सोबतीला एक सहप्रवासी असे. जेथे जाई तेथे ती अनुमती वाचून दाखवली जाई, राहण्या-जेवण्याची सोय तेथील कुटुंबे करीत, आणि परत आल्यावर तो कागद आपल्या सभेकडे जमा होई. मानधन न घेता गावोगाव फिरणारा कीर्तनकार आपल्याला ठाऊक आहे. पण त्याला कुणाची अनुमती लागत नाही, हा फरक विद्यार्थ्यांना जरूर सांगावा.

आता दाखल्याकडे येतो. शाळा सोडल्याचा दाखला असल्याशिवाय दुसऱ्या शाळेत नाव लागत नाही, तसेच हे होते. कुटुंबाने दाखला मागितला की सभा दोन माणसे चौकशीला नेमी. माणसाचे वर्तन ठीक आहे ना, त्याने कर्ज फेडले आहे ना, व्यवहार मिटवले आहेत ना, अविवाहित असेल तर त्याने येथे कुणाला लग्नाचे वचन दिलेले नाही ना, हे सारे पाहिले जाई. देणे बाकी असेल तर दाखला अडे. स्त्रियांची मासिक सभा वेगळी भरे आणि स्त्रियांच्या बाबतीतली चौकशी ती करी. नव्या गावी पोहोचल्यावर तो दाखला तेथील सभेत वाचून नोंदवला जाई, आणि त्या क्षणापासून ते कुटुंब तेथले होई.

जेथे सभाच नाही अशा रानात काय होई, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. १८०० साली उत्तर कॅरोलिनाच्या ट्रेंट येथील सभा जवळजवळ सगळीच्या सगळी उठून ओहायोकडे निघाली, तेव्हा ओहायो नदीपलीकडे एकही मासिक सभा नव्हती. म्हणून अशा लोकांचे दाखले अलीकडच्या, नैर्ऋत्य पेनसिल्व्हेनियातील वेस्टलँडसारख्या सभांकडे दिले जात. पुढे पलीकडे सभा स्थापन झाल्या: पूर्व ओहायोत काँकर्ड, १८०३ साली वेन्सव्हिलला मायामी, १८०९ साली इंडियानात व्हाइटवॉटर. १८१३ साली ओहायोची स्वतंत्र वार्षिक सभा भरली आणि १८२१ साली इंडियानाची. एका सभेने दुसरीला जन्म द्यावा, असा हा क्रम आहे.

मुलीकडे ओहायोत राहिलो असताना मी वेन्सव्हिलचे १८११ सालचे विटांचे सभागृह पाहून आलो. आत ना वेदी, ना मूर्ती, ना रंगीत काच. नुसती लाकडी बाके. आपण ज्या नोंदी वाचता आहात, त्यांतली बुश रिव्हरची माणसे याच बाकांवर येऊन बसली असतील, या विचाराने मी तेथे बराच वेळ बसून राहिलो.

अनेर, चोपडा

पांझरा भाऊंनी दाखल्याविषयी इतके नेमके लिहिले आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही. पहिल्या प्रश्नावर मात्र कापूस पिकवणाऱ्या घरातला माणूस म्हणून मला लिहावेसे वाटते, कारण बुश रिव्हरच्या उत्तरात कपाशी आहे.

बुश रिव्हर समुद्रकाठी नाही. दक्षिण कॅरोलिनाच्या आतल्या चढावर, आजच्या न्यूबेरी जिल्ह्यात आहे. लांब धाग्याचा कापूस समुद्रकाठच्या पट्ट्यातच चांगला येई, आणि आतल्या भागात येणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हाताने सोडवणे परवडत नसे. १७९३ साली एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनवले आणि हे चित्र पालटले. जिनिंगचे महत्त्व खानदेशात कुणाला समजावून सांगायला नको. आतल्या भागातही कपाशीत पैसा दिसू लागला आणि कपाशीपाठोपाठ गुलाम आले. म्हणजे या क्वेकरांनी आपले गाव सोडण्याआधी त्यांच्या आजूबाजूचे गावच बदलले होते.

त्यानंतरच्या सनावळ्या आपल्या नोंदींशेजारी ठेवून पाहाव्यात. १८०० साली दक्षिण कॅरोलिनाने गुलामाला मुक्त करणे कायद्याने अवघड केले. १८०३ च्या डिसेंबरात त्याच राज्याने परदेशातून गुलाम आणण्याचा बंद असलेला व्यापार पुन्हा खुला केला, आणि १ जानेवारी १८०८ रोजी संघराज्याची बंदी येईपर्यंत तो चालू राहिला. १८०४ च्या जानेवारीत हैतीच्या गुलामांनी दीर्घ लढ्यानंतर स्वातंत्र्य पुकारले. याच सुमारास झकरिया डिक्स नावाचा उत्तर कॅरोलिनाचा उपदेशक बुश रिव्हरला आला आणि या भूमीवर रक्तपाताचे संकट आहे, येथून निघा, असे त्याने कळवळून सांगितले, अशी त्या भागातील परंपरा आहे. दुसरीकडे ओहायो नदीच्या वायव्येला १७८७ च्या अध्यादेशाने गुलामगिरीला मनाई होती, आणि १८०३ साली राज्य झालेल्या ओहायोने आपल्या घटनेतही तीच मनाई ठेवली.

जमिनीचे कारण मी नाकारत नाही. १८०० च्या कायद्याने सरकारी जमीन एकरी किमान दोन डॉलर दराने, चार वर्षांच्या हप्त्यांनी मिळू लागली होती, आणि कमीत कमी ३२० एकर घ्यावी लागे. १८०४ साली ही मर्यादा १६० एकरांवर आली. मोठी कुटुंबे, थकलेली जमीन, प्रत्येक मुलाला शेत हवे, हे सारे खरेच होते. परंतु त्याच काळात आणि त्यानंतरच्या दशकांत कॅरोलिनातील इतर असंख्य शेतकरी नव्या जमिनीच्या शोधात नैर्ऋत्येला, अलाबामा आणि मिसिसिपीकडे गेले, आणि तेथे त्यांनी कपाशीच लावली. कपाशी आणि गुलाम दोन्ही तेथे मुबलक होते. जमीनच हवी असती तर क्वेकरही त्याच वाटेने गेले असते. ते वायव्येला गेले, थंडीच्या मुलखात, जेथे कपाशी येत नाही. माणूस गाव का सोडतो, हे जमिनीवरून कळते. पण तो कोणत्या दिशेला वळतो, ते त्याच्या सदसद्विवेकावरून कळते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट लेवाय कॉफिनची. तो १७९८ साली उत्तर कॅरोलिनातील न्यू गार्डन येथे जन्मला. साखळदंडाने बांधून नेले जाणारे गुलाम त्याने सात वर्षांचा असताना रस्त्यावर पाहिले, आणि ते दृश्य तो जन्मभर विसरला नाही. १८२६ साली तो इंडियानात न्यूपोर्टला गेला आणि पळून आलेल्या गुलामांना आसरा देऊन पुढे पोहोचवू लागला. १८४७ साली त्याने सिनसिनाटीत एक दुकान काढले, ज्यात गुलामांच्या श्रमाचा स्पर्श नसलेला मालच विकला जाई, आणि त्यात अर्थातच सुती कापड होते. इंग्लंडचा जॉन ब्राइट हाही क्वेकरच. १८४८ साली ब्रिटिश संसदेने हिंदुस्थानातील कापसाच्या लागवडीविषयी समिती नेमली, तिचा तो अध्यक्ष होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा आपल्या कापसाला आलेला भाव आपण शिकवतच असाल. त्या धाग्याचे दुसरे टोक बुश रिव्हरच्या शेतांत आहे.

बोरीकाठ, अमळनेर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. अनेर भाऊंचा दिशेचा मुद्दा मी वर्गात जसाच्या तसा मांडणार आहे. दाखल्यांविषयी वाचताना मला आमच्या भागात भाट येऊन वाचून दाखवतात त्या वह्या आठवल्या; मूळ गाव, पुढची गावे, वंशावळ, सारे त्यात असते. मात्र त्या वह्या सहसा पुरुषांच्या वंशाने चालतात. क्वेकरांच्या नोंदींत स्त्रियांची नावे इतकी ठळक दिसतात, तर स्त्री उपदेशकही या प्रवासात होत्या का?

गोमाई, शहादा

ताई, आपल्या नव्या प्रश्नाचे उत्तर इतर कुणी देईलच. मला एका राहिलेल्या बाजूकडे लक्ष वेधायचे आहे, कारण मी ज्या तालुक्यात राहतो तेथे ही बाजू विसरून स्थलांतराचा इतिहास सांगता येत नाही.

ओहायोची जमीन रिकामी नव्हती. शॉनी, मायामी, डेलावेअर, वायंडॉट या लोकांचा तो मुलूख होता. १७९४ साली फॉलन टिंबर्सच्या लढाईत त्यांचा पराभव झाला आणि १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहाने आजच्या ओहायोचा बराच मोठा भाग त्यांच्या हातून गेला. वेन्सव्हिल काय किंवा काँकर्ड काय, या वसाहती त्यानंतरच्या आहेत. क्वेकरांनी शस्त्र उचलले नाही हे खरे, पण दुसऱ्यांच्या शस्त्राने मोकळ्या झालेल्या जमिनीवर त्यांनी नांगर धरला, हेही तितकेच खरे. त्यांच्यातील काहींना याची बोच होती. बाल्टिमोरच्या वार्षिक सभेने १७९५ सालीच यासाठी समिती नेमली, आणि पुढे ओहायोतील वापाकोनेटा येथे शॉनी लोकांमध्ये शेती आणि शाळेचे काम उभे राहिले. १८३० च्या दशकात सरकारने शॉनींना तेथून हलवून कॅन्ससला पाठवले, तेव्हा क्वेकरांनी आपले काम त्यांच्यामागे तिकडे नेले. परंतु हलवणे त्यांना थांबवता आले नाही.

१८२५ साली जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभारली, तेथून पुढे तळोदा-शहादा पट्ट्यातील आदिवासींच्या जमिनी कोणकोणत्या वाटांनी इतरांकडे गेल्या आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यासाठी अंबरसिंग सुरतवंतींसारख्यांना काय लढावे लागले, हे आपल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना घरातूनच ठाऊक असेल. त्यांनी ओहायोबद्दल हा प्रश्न विचारण्याआधी तो आपणच मांडावा, अशी माझी विनंती आहे.

पांझरा, धुळे

गोमाई भाऊंनी लिहिले ते आवश्यक होते. माझ्या उत्तरात ती उणीव राहिली होती. त्यात एक जोड देतो. हे क्वेकर एकटे गेले नाहीत. उत्तर कॅरोलिनात गुलामाला मुक्त करायचे तर न्यायालयाची संमती लागे आणि तसे न करता मुक्त केलेल्यास पकडून पुन्हा विकले जाई. म्हणून १८०८ पासून तेथील वार्षिक सभा अशा माणसांची कागदोपत्री मालक झाली, जेणेकरून त्यांना प्रत्यक्षात स्वातंत्र्य मिळावे. त्यांतील अनेकांना पुढे सभेच्या खर्चाने मुक्त राज्यांत पोहोचवण्यात आले. इंडियानात बीचसारख्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या वसाहती क्वेकर वस्त्यांच्या शेजारी दिसतात, त्यामागे हा इतिहास आहे.

ताई, स्त्री उपदेशकांविषयी विचारलेत, तर उत्तर आपल्या बुश रिव्हरमध्येच आहे. चॅरिटी कुक ही तेथील भरल्या संसाराची शेतकरी बाई उपदेशक होती. १७९७ साली ती मेरी स्वेट या सहप्रवासिनीबरोबर समुद्र ओलांडून इंग्लंडला गेली, १८०२ साली परतली, आणि पुढे आपल्या माणसांबरोबर ओहायोला गेली. तिच्या अनुपस्थितीत घर आणि शेत मागे राहिलेल्यांनी सांभाळले. ज्या सभेने तिला समुद्रापार जाण्याची लेखी अनुमती दिली, तिच्याच नोंदींत तिच्या कुटुंबाचाही शोध घ्यावा.

शोधताना तारखांकडे मात्र लक्ष असू द्यावे. महिन्यांची आणि वारांची इंग्रजी नावे अन्य देवतांवरून पडलेली म्हणून क्वेकर ती टाळत आणि ‘तिसरा महिना’, ‘पहिला वार’ असे लिहीत. १७५२ पूर्वीच्या कागदांत पहिला महिना म्हणजे मार्च असतो, त्यानंतर जानेवारी. बुश रिव्हरचे दाखले नंतरचे असल्यामुळे तेथे घोळ होणार नाही. पण त्याच घराण्यांचा माग काढत आपण पेनसिल्व्हेनियापर्यंत मागे गेलात, तर एखाद्याचा जन्म दोन महिने चुकीचा लिहिला जाऊ शकतो.