पहिल्या संक्रांतीचा काळा-पांढरा स्वेटर: १८ दिवस उरले, दोन्ही बाह्या बाकी

विणकर, इंदिरानगर (२७ डिसेंबर)

सप्रेम नमस्कार. माझ्या मुलीची लग्नानंतरची ही पहिली संक्रांत आहे. तिची काळी साडी आणि दोघांचे हलव्याचे दागिने तयार आहेत. जावयांसाठी मात्र दिवाळी झाल्यावर मी स्वतः काळ्या-पांढऱ्या लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. नॉर्वेच्या सेल्बू भागातील हातमोज्यांवर आठ पाकळ्यांची चांदणी असते, तीच चांदणी मी आलेखाच्या कागदावर उतरवून संपूर्ण अंगावर घेतली आहे. त्या हातमोज्यांचे रंगही काळा आणि पांढरा असेच असतात, त्यामुळे संक्रांतीसाठी याहून योग्य नमुना मला सुचला नाही.

लोकर शुद्ध आहे. १० नंबरच्या गोल सुईवर २८८ टाके घालून खालून वर सलग नळीसारखे विणत आहे. इंचाला ७ टाके आणि ८ ओळी बसतात. मुंढ्यापर्यंतचे, म्हणजे बाही जिथे जोडतात तिथपर्यंतचे, १५ इंच झाले असून वरचे साडेनऊ इंच आणि दोन्ही बाह्या राहिल्या आहेत. दोन रंगांची एक ओळ पूर्ण व्हायला १८ मिनिटे लागतात. नोकरीमुळे मला रोज रात्री २ तास आणि रविवारी ५ तास मिळतात. घाईत एका बाहीला मनगटाकडून सुरुवात करून ४ इंच विणले, तर ६४ टाक्यांचा जो घेर ९ इंच यायला हवा होता तो जेमतेम ८ इंच भरला आणि वीण चुण्या पडल्यासारखी आकसली. रात्रीच्या दिव्यात काळे टाके नीट दिसतही नाहीत.

बाह्या सोडून बंडी द्यावी का? मुंढ्यापासून वर पाठ आणि पोट वेगवेगळे सपाट विणावे, की नळी तशीच वर नेऊन नंतर मुंढे कापावेत? धुताना काळा रंग पांढऱ्यात उतरला तर काय करावे? शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमधून तयार स्वेटर आणावा, असे घरचे सुचवतात. त्यांचा हेतू चांगला आहे, परंतु हे काम अर्धे टाकून देण्याची माझी मुळीच तयारी नाही.

सातपूरच्या काकू (२७ डिसेंबर)

ताई, घाबरण्याआधी उरलेले टाके मोजावेत, कारण इंचांवरून कामाचा अंदाज नेहमी चुकतो. वरच्या साडेनऊ इंचांच्या ७६ ओळी होतात, म्हणजे सुमारे २२,००० टाके. बाही मनगटाशी ६४ आणि खांद्याशी साधारण १३० टाक्यांची धरली आणि लांबी १८ इंच घेतली, तर एका बाहीचे १४,००० आणि दोन्हींचे २८,००० टाके होतात. एकूण ५०,०००. आपला वेग मिनिटाला १६ टाके आहे, तेव्हा ५२ तास लागतील. धुणे आणि वाळवणे यांसाठी १२ आणि १३ जानेवारी राखून ठेवल्यास आजपासून ११ तारखेपर्यंत तीन रविवार धरून ४१ तास हाताशी येतात. तूट ११ तासांची आहे. हात जोरात चालवून ती भरून काढण्याचा प्रयत्न कृपया करू नये. आकसलेली बाही हा त्याच घाईचा परिणाम आहे.

तूट भरून काढायची ती नमुन्यातून. नॉर्वेच्याच सेतेसदाल खोऱ्यातील जुन्या स्वेटरांवर काळ्या विणीत एकेक पांढरा टाका विखुरलेला असतो. तिकडे त्या टाक्यांना ‘उवा’ म्हणतात, आपण त्यांना तीळ म्हणावे. बाह्यांवर चांदण्या घेऊ नका, तीळ पेरा. दर चौथ्या ओळीत दर चौथा टाका पांढरा घ्यावा आणि पुढच्या वेळी तो दोन टाके सरकवावा. मधल्या तीन ओळी निव्वळ काळ्या राहतात, त्यामुळे माझा हात अशा विणीत दोनरंगी ओळींच्या दीडपट वेगाने चालतो. तोच हिशेब आपल्याला लागू केला तर बाह्यांचे २९ तासांचे काम साडेएकोणीस तासांवर येते. मग तूट उरते फक्त दीड-दोन तासांची, आणि अर्ध्या दिवसाच्या रजेने ती भागेल. पहिल्या संक्रांतीच्या स्वेटरावर तीळ शोभूनही दिसतील.

एक काळजी मात्र घ्यावी. एकरंगी ओळी दोनरंगी ओळींपेक्षा सैल पडतात, म्हणून बाहीसाठी ११ नंबरची, म्हणजे जरा बारीक, सुई घेऊन आधी लहानसा नमुना विणावा आणि इंचाला ७ टाके येतात का ते पट्टी लावून पाहावे.

गोदाकाठ, पंचवटी (२८ डिसेंबर)

काकूंचा हिशेब मला पटला. बाही का आकसली, ते थोडे सविस्तर सांगते. दोन रंगांच्या विणीत ज्या रंगाची पाळी नसते तो धागा मागून आडवा जातो. उजव्या सुईवरचे टाके पसरून न घेता तो ओढला की मागचा धागा आखूड पडतो आणि पुढची वीण गोळा होते. लहान घेरात चार सुयांवर विणताना प्रत्येक कोपऱ्यावर हीच चूक घडते. त्यावर उपाय असा, की विणकाम उलटे करून, म्हणजे धाग्यांची बाजू बाहेर ठेवून, पलीकडच्या कडेवर विणावे. मग धाग्याला बाहेरचा मोठा घेर पार करावा लागतो आणि तो आपोआप सैल राहतो. सेल्बूची चांदणी मुळात हातमोज्यांच्या चिंचोळ्या घेरावरच वाढली आहे, तेव्हा लहान घेर हा काही तिचा दोष नव्हे. पाचांहून अधिक टाके एकाच रंगाचे आले तर मागचा धागा मध्येच एकदा अडकवून घ्यावा. तिळांच्या विणीत मध्ये तीनच काळे टाके असल्याने तीही गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट मी स्वतः चुकून शिकले. दोन धाग्यांपैकी जो मागे खालून येतो त्याचे टाके पुढे अधिक ठसठशीत दिसतात. आपला पांढरा धागा आतापर्यंत खालून येत असेल, तर शेवटपर्यंत तो खालूनच यावा. दमलेल्या हाताने एके रात्री ही जागा बदलली की तेवढ्या पट्ट्यातल्या चांदण्या फिक्या पडतात आणि कारण लवकर सापडत नाही.

मुंढ्यांबद्दल माझे मत कापण्याच्या बाजूचे आहे. सपाट विणल्यास प्रत्येक दुसरी ओळ उलट टाक्यांनी, नमुना समोर दिसत नसताना, दोन रंगांत विणावी लागेल. त्यात वेळही जाईल आणि ताणही बदलेल. त्याऐवजी दोन्ही बाजूंना मुंढ्याच्या जागी ७ जादा टाके आळीपाळीने काळे-पांढरे घालावेत आणि नळी खांद्यापर्यंत न्यावी. मग मधल्या टाक्याच्या दोन्ही अंगांना शिलाई मशीनवर बारीक टिपेच्या दोन-दोन ओळी मारून मध्ये कात्री चालवावी. शुद्ध लोकरीचे तंतू एकमेकांना धरून राहतात, म्हणून हे शक्य आहे. ॲक्रिलिक असते तर मी हा सल्ला दिला नसता. मुंढ्याच्या कडेवरून टाके उचलून बाही खांद्याकडून मनगटाकडे विणता येते, आणि वेळ संपलाच तर जिथे असाल तिथे बॉर्डर लावून थांबता येते. आधी एखाद्या नमुन्यावर टीप मारून तो कापून पाहिल्याशिवाय मात्र स्वेटरला कात्री लावू नये.

रात्री मांडीवर पांढरा पंचा अंथरून बसा. काळ्या टाक्यांची घरे त्यावर स्पष्ट दिसतात.

येवल्याची सून (२८ डिसेंबर)

माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या घरी पैठणीचा माग आहे, आणि घाईने भरलेला पदर ओळखू येतो हे मी रोज पाहते. संक्रांतीचे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते, तर स्वेटरालाही तेवढी मुदत का देऊ नये? संक्रांतीला बंडी द्यावी आणि बाह्या सावकाश जोडाव्यात.

रंगाविषयी सांगायचे, तर दोन्ही रंगांचा एक नमुना अर्धा तास कोमट पाण्यात ठेवून नंतर पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. काळा सुटत असेल तर स्वेटर भिजत न ठेवता थंड पाण्यातून चटकन काढावा, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत आडवा पसरावा. दोरीवर टांगू नये, ओल्या लोकरीच्या वजनाने बाह्या लांबतात.

विणकर, इंदिरानगर (१२ जानेवारी)

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. येवल्याच्या ताई, मुदतीचा आपला विचार योग्यच होता, परंतु मुलगी आणि जावई १४ तारखेलाच येऊन दुसऱ्या दिवशी परत जाणार आहेत.

आकसलेली बाही उसवली. नळी खांद्यापर्यंत नेली आणि ४ तारखेच्या रविवारी दुपारी मुंढे कापले. नमुना दोनदा कापून पाहिला होता, तरीही पहिल्या मुंढ्याला कात्री लावताना हात थरथरला. एकही टाका सुटला नाही. तीळ पेरायला लागल्यावर बाही इतकी झरझर उतरू लागली की उजवी चार दिवसांत झाली. डाव्या बाहीच्या वेळी कार्यालयात अर्ध्या दिवसाची रजा मिळाली नाही, म्हणून मनगटाजवळचे ३ इंच तीळ न घेता निव्वळ काळे विणून काल रात्री बाराच्या सुमारास टाके बंद केले. तिथली वीण किंचित सैल आहे, पण बॉर्डरने ती धरून ठेवली आहे.

नमुन्यातून काळा थोडा सुटला होता, त्यामुळे आज पहाटे थंड पाण्यातून काढूनच स्वेटर पसरला. चांदण्या पांढऱ्याशुभ्र राहिल्या आहेत. हवा कोरडी असल्याने उद्या संध्याकाळपर्यंत तो वाळेल, आणि मग त्या ३ इंचांतील तीळ पांढऱ्या धाग्याने सुईने टाक्यावर टाका घालून भरेन. मोजले तर शंभरच्या आसपास भरतात.