कॉलेजातली ‘उद्योजकता’ धंद्यात किती कामाला आली? मराठवाडाकरांनो, लिहा

पुतण्या फूड टेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘उद्योजकता विकास’मध्ये चांगले मार्क पडले, म्हणून गावाकडं डाळ मिल टाकायची म्हणतोय. प्रकल्प अहवाल तयार, स्पायरल बाइंडिंगसकट. तूर कुणाकडून घेणार विचारलं, तर म्हणे ‘मार्केटमधून’. शिकलेलं कुठं उपयोगी पडलं, कुठं तोंडघशी पडलात, लिहा. भाषणं नकोत.

वाळूजवाला
मेकॅनिकल केलं, आता दोन सीएनसी मशीन आहेत, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी. ब्रेक-इव्हन, म्हणजे किती विक्रीला खर्च भरून निघतो तो हिशोब, वर्गात शिकलो, तो आजही लागतो, खोटं कशाला बोलू. पण वर्गातल्या तक्त्यात बिल फाडलं की पैसे आलेच असं धरलेलं असायचं. माझ्या मार्चच्या बिलाचे पैसे जूनमध्ये आले. त्या बिलावरचा जीएसटी मात्र २० एप्रिलच्या आत खिशातून भरला. बायकोच्या पाटल्या गहाण टाकून. लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचा कायदा २००६ पासून आहे, हे मला टपरीवर चहा पिताना दुसऱ्या एका व्हेंडरनं सांगितलं. तक्रारीला उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, लागते, ती माझ्याकडं नव्हती. आणि असती तरी एकुलत्या एका गिऱ्हाइकावर तक्रार करायची का? ह्याचं उत्तर त्या व्हेंडरकडंही नव्हतं.

हळदवाली, वसमत
मी परभणीच्या कृषी विद्यापीठाची. शेवटच्या वर्षी ईएलपी असतं, म्हणजे स्वतः माल करायचा, विकायचा, नफ्यात वाटा. आम्ही धिंगरी आळिंबी घेतली, तीही एप्रिलात! अर्ध्या पिशव्या हिरव्या बुरशीनं गेल्या. उरलेली पाकिटं गेटवर विकायला बसलो, तर दुसऱ्या दिवशी पिवळी. वाट्याला आलेल्या पैशात दोन पाणीपुरी झाल्या. पण नासणाऱ्या मालाला हात लावायचा नाही, हे तिथंच पक्कं झालं. म्हणून हळद. भाव पडला तर पोती थांबवता येतात.

जालनेकर
आमच्याकडं पाहुणे आले, संघर्ष सांगितला, शाल-नारळ घेतला, गेले. वहीखातं कुणीच उघडून दाखवलं नाही.

बीडचा
सबसिडी हातात मिळते असं आख्ख्या वर्गाला वाटायचं. पीएमईजीपीत, म्हणजे नव्या धंद्याला कर्ज-सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, ती तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहते, युनिट चालू दिसलं तर कर्जात वळती होते. तोवर हप्ता भरायलो.

मोंढ्यातला, लातूर
आमची आडत, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून द्यायचा. एमबीएत एकच कामाचं शिकलो : मालकाचा पगार खर्चात धरायचा. वडलांनी तीस वर्षांत कधी धरला नव्हता. धरून मांडून दाखवलं, तर दुकान तोट्यात. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “तुझाबी धर.”

धागाकर्ता
पुतण्याला हे सगळं वाचायला दिलं. वाळूजवाले भाऊंचं दोनदा वाचलं त्यानं. लातूरकर, शनिवारी त्याला घेऊन येतोय. सौद्याला किती वाजता पोचावं?