मदत हवी आहे: मेंटेनन्स कोणतं ठेवू? सोमवारी मालकांना सांगायचंय

अंबडचा_फिटर: मशीन परत बंद. सील (तेल गळू न देणाऱ्या रिंगा) नुकतेच बदलले होते. मालक म्हणतात सगळ्यावर एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) करून टाकू, प्रॉडक्शनवाले चालत्या मशीनला हात लावू देत नाहीत. ब्रेकडाउन (बिघडल्यावर दुरुस्ती) की प्रिव्हेंटिव्ह (बिघडण्याआधी, तारखेने)? लवकर सांगा.

सातपूरकर: कुठलं मशीन? किती शिफ्ट? बंद पडलं तर काम दुसऱ्यावर वळवता येतं का?

गोदाकाठ: व्हायब्रेशन पेन (मशीनची थरथर मोजणारं) घ्या. आमच्या ब्लोअरचं बेअरिंग जाणार हे आधीच कळलं, सुट्टीच्या दिवशी निवांत बदललं.

शॉपफ्लोअर_काका: पेनचं खूळ सोडा. टीपीएम करा, म्हणजे रोजची देखभाल ऑपरेटरकडेच. ऑपरेटरने रोज मशीन पुसलं की गळती, ढिले बोल्ट तिथेच सापडतात.

गोदाकाठ: काका, बेअरिंगच्या आत काय चाललंय ते पुसून कळत नाही.

अंबडचा_फिटर: हायड्रॉलिक प्रेस, २०० टन. दोन शिफ्ट. एकच आहे.

सातपूरकर: हे आधी सांगायचं ना! सगळ्या मशिनांना एकच पद्धत लावू नका. एक्झॉस्ट फॅन बंद पडल्यावर बदलला तरी चालतो. ग्रीसिंग तारखेने. प्रेसवरचं दोन हातांचं बटण आणि लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) मात्र रोज, शिफ्ट सुरू होण्याआधी. तिथे माणसाचे हात आहेत. आणि सील तारीख लावून बदलत बसू नका. १९७८ मध्ये नोलन आणि हीप यांनी विमानांच्या भागांचा अहवाल दिला, त्यात फक्त ११ टक्के भागांचे बिघाड वयानुसार वाढताना दिसले. तुमचे सील वयाने जात नाहीयेत. तेल किती गरम होतं? रॉडवर (सिलिंडरच्या दांड्यावर) ओरखडे आहेत?

शॉपफ्लोअर_काका: विमानाचं इथे काय? आपल्याकडे तेलात बर (धातूचे बारीक कण) पडते, धूळ पडते. घाणीने जातात सील.

सातपूरकर: मीही तेच म्हणतोय, काका.

अंबडचा_फिटर: ओरखडे आहेत, उभे. टाकीला हात ठेववत नाही. रिटर्न फिल्टरचा काटा लालमध्ये आहे, म्हणजे तुंबलाय.

गोदाकाठ: पेनने पंपाचंही रीडिंग घ्याच.

सातपूरकर: घ्या, पण नंतर. तेल सतत फार गरम राहिलं की सील कडक होतात. आधी फिल्टर एलिमेंट बदला, कूलरच्या नळ्यांतला क्षार काढा. रॉड पॉलिश किंवा क्रोम करून घ्या, मगच नवे सील. नाहीतर तेच ओरखडे नवे सीलही कापतील. तेलाचा नमुना मशीन चालू असताना, टाकीच्या मधल्या पातळीतून घ्या. तळाच्या ड्रेनमधून घेतलात तर नुसता गाळ येईल. रिपोर्ट आला की इथेच टाका.