बाहेरून रिफर्बिश्ड ग्राफिक्स कार्ड मागवायचंय, बजेट १८,००० (ड्यूटीसकट): सल्ला हवा

कळवा_रेंडर
नमस्कार मंडळी. परदेशी विक्रेत्याकडून रिफर्बिश्ड कार्ड मागवायचं आहे. ड्यूटी धरून १८,०००, त्यापुढे एक रुपया नाही.
मशीन: आय५-१०४००, बी४६० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा पीएसयू (वीजपुरवठ्याचा डबा), त्यावर कार्डासाठीची एक ६+२ पिन मोकळी. काम ब्लेंडर सायकल्सचं (थ्रीडी रेंडर) जास्त, थोडं दाविंची रिझॉल्व्ह (व्हिडिओ एडिटिंग). गेम नाही.
दोन कार्डं बघून ठेवलीत. एक चीनमधलं आरटीएक्स ३०६०एम ६ जीबी, लिस्टिंगवर 'डेस्कटॉप व्हर्जन' लिहिलंय. कार्ड ११,५०० आणि शिपिंग १,८००. दुसरं आरएक्स ५८० ८ जीबी २०४८एसपी, निम्म्या किमतीत. कस्टमला किती लागेल? आणि घेताना काय बघायचं?

घोडबंदर_टर्बो
३०६०एम वगैरे फालतूपणा सोड भावा. सेकंडहँड ३०८० घे, पाच वर्षं बघायला नको. थोडं बजेट वाढव.

कळवा_रेंडर
बजेट पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय.

नौपाडाकर
३०८० एकटं ३२० वॅट खातं आणि कंपनी ७५० वॅटचा पीएसयू सांगते. ह्यांच्याकडे ५५० आणि एकच ८ पिन. टर्बोसाहेब, पीएसयूचे पैसे तुम्ही देणार का?
आता ५८० बद्दल. ते २०४८एसपी म्हणजे वेगळ्या नावानं विकलेलं आरएक्स ५७० आहे. खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर (चिपमधली गणनेची एककं) असतात, ह्यात २०४८. एएमडीने २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी काढलं होतं, त्यामुळे कार्ड नकली नाही, नाव फसवं आहे. पण तुमच्यासाठी हा मुद्दाच गौण. ब्लेंडरने ३.० आवृत्तीपासून ओपनसीएल (कार्डावर रेंडर चालवायची एक व्यवस्था) काढून टाकलं. त्यानंतर एएमडीसाठी फक्त एचआयपी ही दुसरी व्यवस्था, आणि ५८० मधली पोलारिस चिप एचआयपीच्या यादीत नाही. सायकल्सच्या सेटिंगमध्ये हे कार्ड दिसणारच नाही, सगळं रेंडर सीपीयूवर होईल. फुकट मिळालं तरी घेऊ नका.

वाशी_सेक्टर_नऊ
बाहेरून कशाला? मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात जा. समोर लावून बघता येतं, बिल मिळतं. माझं १६६० सुपर तिथलंच आहे, मस्त चाललंय.

कोपरखैरणे_कूलर
लॅमिंग्टन रोडला 'टेस्टिंग वॉरंटी' म्हणजे दुकानाच्या पायरीपर्यंतची वॉरंटी. पण समोर लावून बघता येतं हे खरं.

खारेगाव_टोल
विक्रेत्याला सांगायचं 'गिफ्ट' लिही आणि किंमत २० डॉलर टाक. ड्यूटीचा प्रश्नच संपला. सगळे हेच करतात.

उरणचा_क्लिअरन्सवाला
कृपा करून हा सल्ला कोणी घेऊ नका. डिसेंबर २०१९ च्या डीजीएफटी (परकीय व्यापार महासंचालनालय) अधिसूचनेने पोस्ट किंवा कुरियरने 'गिफ्ट' म्हणून ड्यूटी न भरता माल सोडवणं बंद झालंय. अपवाद जीवरक्षक औषधं आणि राखी. ग्राफिक्स कार्ड ह्यातलं काहीच नाही. किंमत कमी दाखवली तर अधिकारी नेटवरची किंमत काढून मूल्य वाढवतो, वर दंड. शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई त्या २० डॉलरचीच.
आता हिशेब. आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८%, आणि तो नुसत्या कार्डावर नाही, शिपिंग आणि विमा धरून लागतो. ११,५०० + १,८०० = १३,३००, त्यावर २,३९४, म्हणजे १५,६९४. बँकेचं फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनाचं जादा शुल्क) ३.५% धरलं तर ४६५, त्यावर जीएसटी ८४. झाले १६,२४३. कुरियर कंपनी ड्यूटी आधी भरते आणि त्याचं वेगळं शुल्क लावते, ते वर. १८,००० मध्ये बसतंय, पण दोन अटींवर.
पहिली, कार्ड ८४७३ ह्या शीर्षकाखाली, म्हणजे संगणकाचा भाग म्हणून गेलं पाहिजे. तिथे मूळ सीमाशुल्क शून्य आहे. ९८०४ खाली, म्हणजे वैयक्तिक आयात म्हणून टाकलं, तर दर वेगळा आणि चढा. विक्रेत्याकडून इनव्हॉइसवर नुसतं 'इलेक्ट्रॉनिक्स' नको, मॉडेल आणि एचएस कोडसकट (मालाच्या वर्गीकरणाचा आकडा) लिहून घ्या.
दुसरी, इनव्हॉइसवर 'यूज्ड' किंवा 'रिफर्बिश्ड' असेल तर जुन्या मालाचे नियम लागतात आणि चार्टर्ड इंजिनियरचं प्रमाणपत्र मागू शकतात. एका कार्डासाठी तो खर्च परवडत नाही. म्हणून खोटं लिहून घ्या असं मी म्हणत नाहीये. पार्सल अडकू शकतं, हा धोका किमतीत धरा म्हणतोय.
केवायसीची लिंक आली की त्याच दिवशी भरा. गोदामात पडून राहिलं की डेमरेज (गोदामाचं भाडं) चढतं.

खारेगाव_टोल
आमचं आजवर काही अडकलं नाही बुवा.

मुंब्रा_बायपास
न्हावा शेवा शेजारी आहे, तिथून थेट जाऊन आणता येत नाही का?

उरणचा_क्लिअरन्सवाला
कुरियरचं पार्सल विमानाने येतं, विमानतळावरच्या कुरियर टर्मिनलला सुटतं. बंदराचा इथे संबंध नाही, आणि शेजारी राहिल्याची सूटही नाही.

सोल्डर_आणि_फ्लक्स
कार्डाबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून लिहितो.
३०६०एम म्हणजे लॅपटॉपची चिप काढून डेस्कटॉपच्या पीसीबीवर बसवलेली. डेस्कटॉप ३०६० मध्ये ३५८४ कुडा कोर आणि १२ जीबी. लॅपटॉपच्या चिपमध्ये कोर ३८४० पण मेमरी ६ जीबी. कोर जास्त म्हणून हुरळून जाऊ नका. चिप रीबॉल केलेली (खालचे टाक्याचे गोळे बदलून पुन्हा बसवलेली) असणार आणि मेमरी बहुधा दुसऱ्या मेलेल्या बोर्डांवरून काढलेली. रिफर्बिश्डमध्ये खरा धोका इथे आहे.
पैसे देण्याआधी हीटसिंक काढलेला फोटो मागा, त्याच कार्डाचा, कागदावर तुमचं नाव आणि तारीख लिहून शेजारी ठेवलेला. चिपवर जीएन२०-ई३ दिसलं तर ती ३०६० मोबाइल. सहा मेमरी चिप दिसतील, सहाही एकाच कंपनीच्या आणि एकाच कोडच्या हव्यात. चार सॅमसंग, दोन हायनिक्स असा मिसळीचा प्रकार असेल तर सोडून द्या. चिपच्या कडेला वाळलेला पिवळट फ्लक्स (टाके लावताना वापरतात तो चिकट पदार्थ) म्हणजे काम घाईत उरकलंय. डायचा (चिपच्या मधल्या चकचकीत तुकड्याचा) कोपरा उडालेला नाही ना, तेही बघा. फोटो द्यायला नाही म्हणाला तर दुसरा विक्रेता.
थर्मल पॅडची जाडी विचारा. मूळ १ मिमीच्या जागी दीड मिमी घातले की हीटसिंक चिपवर नीट टेकतच नाही. मग मेमरी थंड, कोर तापलेला, आणि लोक दहा वेळा पेस्ट बदलत बसतात.

ऐरोली_पंखा
मायनिंगचं कार्ड असेल तर हात लावू नका. सगळी जळलेली असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि तो सगळा कचरा आपल्याकडे आला.

कोपरखैरणे_कूलर
असहमत. मायनिंगमध्ये कार्ड कमी व्होल्टेजवर, एकाच तापमानाला चालतं. रोज तापून थंड होणाऱ्या कार्डाच्या टाक्यांवर जास्त ताण येतो. मायनिंगमध्ये झिजतात ते पंखे आणि वाळतात ते पॅड. दोन्ही बदलता येतात.

ऐरोली_पंखा
मग घ्या तुम्ही. मेमरी २४ तास ओव्हरक्लॉक केलेली असते ते विसरलात.

सोल्डर_आणि_फ्लक्स
दोघांचंही अर्धं बरोबर. कार्डाचा बायोस (त्यातलं मूळ सॉफ्टवेअर) बदललेला आहे का तेवढं तपासा. रच्याकने, ३०६०एमच्या बाबतीत हा वाद लांबचा आहे, तिथे रीबॉलिंग कसं झालंय त्यावर सगळं अवलंबून.

नौपाडाकर
ड्रायव्हरचं कोणी बोललं नाही. एनव्हिडियाचा नेहमीचा डेस्कटॉप ड्रायव्हर ह्या कार्डाचा डिव्हाइस आयडी ओळखत नाही. विक्रेते ड्रायव्हरची बदललेली आयएनएफ फाइल (कोणती कार्डं चालतील त्याची यादी) देतात, ती विंडोजमध्ये बसवायला ड्रायव्हर सिग्नेचरची तपासणी बंद करावी लागते. प्रत्येक नव्या ड्रायव्हरला पुन्हा तोच उपद्व्याप. कोण्या अनोळखी माणसाने दिलेला ड्रायव्हर मशीनवर का घालायचा? लिनक्सवर मात्र एनव्हिडियाचा अधिकृत ड्रायव्हर लॅपटॉपचे आयडी थेट घेतो.

वाशी_सेक्टर_नऊ
म्हणूनच म्हणतो, लॅमिंग्टन रोड.

ठाणे_पूर्व_एडिटर
रिझॉल्व्हमध्ये फुटेज कोणतं? लग्नाचं १०-बिट ४:२:२ (जास्त रंगमाहितीचं) असेल तर ३०६० काय, ३०९० सुद्धा ते हार्डवेअरने डीकोड करत नाही. एनव्हिडियात ते ५० मालिकेपासून आलं. इंटेलच्या ११व्या पिढीच्या ग्राफिक्सपासून एचइव्हीसी (व्हिडिओचा एक प्रकार) ४:२:२ होतं. पण तुमचा बी४६० बोर्ड ११वी पिढी घेत नाही. तेव्हा टाइमलाइन अडखळते म्हणून कार्ड घेत असाल तर आधी प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवून बघा, फुकट आहे. आणि ६ जीबीवर ४के मध्ये नॉइज रिडक्शन लावलं की 'जीपीयू मेमरी फुल' ठरलेलं.

घोडबंदर_टर्बो
म्हणूनच ३०८० म्हणालो होतो. १० जीबी.

कोपरखैरणे_कूलर
माझं मत: इथलंच वापरलेलं डेस्कटॉप ३०६० १२ जीबी, बिल आणि उरलेली वॉरंटी बघून. बाहेरच्या कार्डाची वॉरंटी बहुतेक कंपन्या भारतात मानत नाहीत. परत पाठवायचं तर शिपिंग तुमच्या खिशातून, आणि भरलेला आयजीएसटी सोडवायचा म्हणजे स्वतंत्र उद्योग.

ऐरोली_पंखा
+१. इथलंच घ्या.

नौपाडाकर
+१

पाचपाखाडी_८बिट
अलीएक्सप्रेसवर कूपन मिळतं, तिथे बघितलंत का?

नौपाडाकर
त्याच्यावर नोव्हेंबर २०२० पासून भारतात बंदी आहे. ईबेवरून घेतलं तर माल मिळाल्यापासून ३० दिवसांत तक्रार करता येते, पेपॅलवरून पैसे भरले तर १८० दिवसांत. विक्रेता 'थेट बँकेत पाठवा, स्वस्तात देतो' म्हणाला तर तिथेच थांबा.

कळवा_रेंडर
सगळ्यांचे आभार. ३०६०एमच घेतोय.
कारणं देतो, म्हणजे शिव्या नेमक्या पडतील. ५८० बाद, ते कळलं. इथलं वापरलेलं ३०६० १२ जीबी माझ्या बजेटात मिळेना. मिळतं त्याला बिल नाही. रेंडरचं मशीन मी उबुंटूवर नेणार आहे, म्हणजे आयएनएफची कटकट जाते. माझे सीन ५ जीबीच्या आत बसतात. कधी वर गेले तर सायकल्स रॅम वापरेल, हळू चालेल, चालेल. रिझॉल्व्हला प्रॉक्सी. विक्रेत्याने नाव-तारखेचा फोटो दिलाय, सहाही चिप सॅमसंग, एकच कोड. इनव्हॉइसवर रिफर्बिश्ड असंच लिहून घेतोय, अडकलं तर अडकलं.

वाशी_सेक्टर_नऊ
मग विचारलंत कशाला?

घोडबंदर_टर्बो
आठवड्यात रडत याल.

सोल्डर_आणि_फ्लक्स
घेताय तर नीट तपासा. पार्सल सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे ठेवायला सांगू नका. टेप आणि लेबल दिसेल असा अखंड व्हिडिओ काढत उघडा, वाद झाला तर तोच पुरावा. लावण्याआधी पीसीआयईच्या सोनेरी पट्टीजवळचे बारीक कपॅसिटर बघा, प्रवासात तेच उडतात.
पहिला बूट मॉनिटर बोर्डाच्या आउटपुटला लावून करा. थोडा वेळ विंडोज ठेवता आलं तर जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) शेडर ३८४०, बस १९२ बिट, मेमरी ६१४४ एमबी जुळवा; बनावट बायोस असेल तर ते नावाआधी 'फेक' लिहून दाखवतं. पीसीआयई लिंक ३.० दिसेल, तुमचा बोर्ड तेवढाच आहे, घाबरू नका. मग मेमटेस्ट-व्हल्कन (मेमरीची चाचणी) अर्धा तास. एकही एरर चालणार नाही, 'एकदाच आली' हेसुद्धा नाही. त्यानंतर फरमार्क (कार्ड तापवणारी चाचणी) वीस मिनिटं. हॉटस्पॉट (चिपचा सर्वांत तापलेला बिंदू) कोरपेक्षा २५ अंशांहून वर गेला तर पेस्ट किंवा पॅडचा घोळ.
आता महत्त्वाचं: बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा चालू करा. असं चार-पाच वेळा. खराब रीबॉलिंग गरम असताना चालतं आणि थंड बूटला काळा स्क्रीन देतं. हे सगळं तक्रारीच्या मुदतीत उरका.

कळवा_रेंडर
मोलेक्स (जुन्या हार्डडिस्कची पॉवर पिन) ते ८ पिन कन्व्हर्टर विक्रेता फुकट देतोय, वापरू का? पीएसयूची मोकळी पिन हार्डडिस्कच्या मागे अडकलीय.

सोल्डर_आणि_फ्लक्स
नाही. ८ पिनमधून १५० वॅट जातात, त्या कन्व्हर्टरची वायर आणि मोलेक्सची पिन त्यासाठी नसते. हार्डडिस्क हलवा.