वाशीच्या सागर विहारला स्वतःची कयाक (वल्ह्याची छोटी होडी) बांधून ठेवता येते का?

वाशीत राहतो, हवेवर फुगणारी कयाक घेतलीय, इंजिन वगैरे काही नाही. रविवारी सकाळी खाडीत उतरवून नंतर नाश्ता होईपर्यंत कठड्याला बांधून ठेवली तर कोणी हटकेल का? परवानगी कोणाची लागते?

उत्तर १: हटकण्याचं नंतर बघू, आधी भरती-ओहोटी बघ भाऊ. उधाणाला इथे पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि साधारण सहा तासात उतरतं, कठड्याला आखूड दोरी बांधून गेलास तर परत येशील तेव्हा कयाक लटकलेली नाहीतर सरळ चिखलात, आणि तो चिखल मांडीपर्यंत आत घेतो, मस्करी नाही. आमच्याकडे होड्या नांगरावर ठेवतात, दोरीला ढील देऊन. कोळ्यांच्या जाळ्यांपासूनही लांब राहा, वल्हं अडकलं की शिव्या ठरलेल्या.

उत्तर २: वाशी पूल ते ऐरोली पूल या पट्ट्यात फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2015 पासून, आणि 2022 ला रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) पण आलंय. तिकडे वनखात्याच्या परवानगीशिवाय घुसू नकोस, सरळ गुन्हा होतो. पक्षीच बघायचे असतील तर ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, ती पण भरतीच्या वेळेनुसारच.

उत्तर ३: इंजिन लावायचा विचार असेल तर नोंदणी आलीच, महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डात (राज्याचं बंदरं-जलवाहतूक बघणारं मंडळ) विचार. बाकी लाइफ जॅकेट घातल्याशिवाय उतरू नको रे.

मूळ प्रश्नकर्ता: बरं, मग बांधायचा बेत रद्द, हवा काढून डिकीत टाकतो. ऐरोलीला आधी फोन करतो.