'पुनरावर्तक' पुनरावृत्तीच करत नसेल तर त्याला म्हणायचं काय?

पाटीपेन्सिल

फायबरमधून होणाऱ्या लांब पल्ल्याच्या क्वांटम संदेशवहनावरचा एक लेख मराठीत करते आहे. फायबर, फोटॉन (प्रकाशाचा एकेक कण), लेझर आहेत तसेच ठेवलेत. 'क्वांटम'ला 'पुंज' लिहायचं का यावर संपादकांशी वाजलं, शेवटी क्वांटमच राहिलं. मराठी कानाला पुंज म्हणजे रास. तेजःपुंज, तारकापुंज. इथे तर सगळा खेळ एकेका सुट्या कणाचा.

अडलंय 'क्वांटम रिपीटर'पाशी. 'पुनरावर्तक' लिहिलं, आणि दोनच परिच्छेदांनंतर वाक्य आलं की हे यंत्र काहीही पुन्हा पाठवत नाही! वाचक विचारणारच, मग बारसं केलं कुणी? दुसरा शब्द 'एंटँगलमेंट', म्हणजे दोन कण दूर असले तरी त्यांची अवस्था एकत्रच मांडावी लागते असं नातं. 'गुंतागुंत' वाचलंय बऱ्याच ठिकाणी, पटत नाही.

जोडतारी

ताई, मी फायबर जोडणारा माणूस. भाषेतलं कळत नाही, पण रिपीटर कशाला लागतो ते सांगतो. आमच्याकडे कुणी 'प्रकाशीय तंतू' म्हणत नाही. ओएफसी (ऑप्टिकल फायबर केबल) नाहीतर नुसतं फायबर. सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, क्लीव्हरने सरळ कापायचं, मशीनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर आली की ठिणगी. पडद्यावर प्रकाशाची गळती ०.०२ डीबी (डेसिबल) आली की चहा. पण खुद्द काचच किलोमीटरला ०.२ डीबी खाते, त्याला आमच्याकडे औषध नाही. ५० किलोमीटरवर दहातला एक फोटॉन उरतो, १०० वर शंभरातला एक.

काल गंमत म्हणून हिशेब केला. समृद्धी महामार्गाच्या कडेने मुंबई-नागपूर फायबर टाकली, ७०० किलोमीटर धरा, आणि सेकंदाला १० अब्ज फोटॉन सोडले, तर नागपुरात पावणेतीन तासांनी एक उतरेल. माझे जॉइंट यात धरलेच नाहीत. नेहमीच्या लाइनवर ८०-१०० किलोमीटरला अँप्लिफायर लावून आम्ही मोकळे होतो. क्वांटमवाल्यांना तो का चालत नाही?

खडूफळा

कारण अँप्लिफायर म्हणजे एकाचे अनेक करणारा. वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि वेगळेपणाने डीक्स यांनी, १९८२ मध्ये दाखवलं की अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल काढताच येत नाही. क्वांटम संदेशवहनाची सगळी सुरक्षितता यावरच उभी आहे. मधे कान लावून बसलेल्या चोराला नक्कल मिळत नाही, तशी आपल्या अँप्लिफायरलाही मिळत नाही. चोराचा हात बांधायला गेलो आणि आपलाही बांधला गेला. (बेनेट-ब्रासार्ड यांची 'बीबी ८४' ही किल्ली, म्हणजे संदेश कुलूपबंद करायचा गुप्त आकडा, ठरवण्याची मूळ रीत १९८४ च्या डिसेंबरात एका परिषदेत मांडली गेली, ती आपल्या बंगलोरला. वर्गात हे सांगितलं की मागचे बाकही मान वर करतात.)

यावरचा तोडगा ब्रीगेल, ड्यूर, सिराक आणि झोलर यांनी १९९८ मध्ये सुचवला. लांब अंतराचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना एंटँगल झालेल्या जोडीतला एकेक कण ठेवा. म्हणजे मधल्या ठाण्यात दोन कण आले, एक डावीकडच्या जोडीतला, एक उजवीकडच्या. ठाण्याने त्या दोघांचं मिळून एक मापन करायचं आणि निकाल साध्या लाइनवरून कळवायचा. आता पार टोकाचे दोन कण एकमेकांशी जोडले गेले, ज्यांची कधी गाठच पडली नव्हती. यात पुनरावृत्ती कुठेच नाही. पाटीपेन्सिल यांची तक्रार रास्त आहे. इंग्रजी नाव जुन्या सवयीने चिकटलं. ती चूक आपण संस्कृतात उतरवून घ्यायचं कारण नाही.

मोडीवाचक

आधी 'गुंतागुंत' काढा. मराठीत गुंता सोडवायचा असतो, लोकरीचा असो की जमिनीच्या दाव्याचा. 'गुंतवणूक' तर बँकेत जाते. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने १९३५ मध्ये एंटँगलमेंटसाठी जर्मनमध्ये 'फेरश्रेंकुंग' शब्द योजला. त्या भाषेत हाताची घडी घालण्यालाही त्याच धातूतला शब्द आहे. म्हणजे एकात एक नीट अडकवलेलं, विसकटलेलं नव्हे.

माझं मत 'सांगड'. दोन होड्या किंवा ओंडके एकत्र बांधून नदी उतरायची सोय म्हणजे सांगड. सांगड घालता येते, सुटते, तुटते. क्रियापदं आयती मिळतात. 'सांगड घातलेले फोटॉन' ऐकून कुणी दचकणार नाही.

रिपीटरला 'डाकचौकी' कसं वाटतं? जासूद थकला की पुढचा थैली घेतो.

खडूफळा

सांगड मान्य. दोरी दिसत नाही एवढीच खोट, ती कुठल्याच शब्दात दिसणार नाही. डाकचौकी मात्र नको, तो शब्द दुसऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवा. चीनने २०१७ मध्ये बीजिंग-शांघाय मार्ग सुरू केला, सुमारे २,००० किलोमीटरचा, त्यावर ३२ ठाणी. तिथे प्रत्येक ठाण्यात किल्ली उघडी होते आणि पुढच्या टप्प्यासाठी नव्याने झाकली जाते. चौकीवर थैली फोडून पुन्हा मोहोर करण्यासारखंच. चौकीदार फितूर झाला की कारभार आटोपला. त्याला 'भरवशाची चौकी' म्हणा. रिपीटरचा सगळा खटाटोप त्या चौकीदारावर विसंबावं लागू नये म्हणूनच आहे.

२०२३ मध्ये चिनी संशोधकांनी मधे एकही भरवशाची चौकी न ठेवता १,००२ किलोमीटर फायबरवर किल्ली जुळवली. दोन्ही टोकांनी प्रकाश मध्यावर पाठवायचा आणि तिथे मोजायचा, अशी युक्ती. पण वेग बघा, पाच मिनिटांना एखादा बिट. आपल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनने २०२३ मध्ये शहरा-शहरांत २,००० किलोमीटरचं उद्दिष्ट ठेवलंय. म्हणजे चौकी आणि रिपीटर हे दोन्ही शब्द बातम्यांत येत राहणार, तेव्हा आत्ताच वेगळे केलेले बरे.

जोडतारी

आम्ही जोडाला जॉइंट म्हणतो, माझे वडील सांधा म्हणायचे. ते रेल्वेत सांधेवाले होते. गाडी स्टेशनात शिरताना खडखडाट करत सांधा बदलते ना, तो. सर, तुम्ही सांगितलेलं मधलं ठाणं तेच करतंय. डावा रूळ उजव्याला लावून देतंय. ठाण्याला 'सांधा' म्हणा आणि त्या मापनाला 'सांधा बदलणं'.

पाटीपेन्सिल

दादा, हे मी उचलते आहे!

खडूफळा

थांबा. सांध्यावरून गाडी धडधडत जाते. इथे मधल्या ठाण्यातून संदेश जातच नाही.

जोडतारी

सर, सांधा बदलताना गाडी तिथे असते का? आधी सांधा लागतो, मग सिग्नल पडतो. गाडी चाकाखाली असताना सांधा फिरवला तर काय होतं ते वडिलांनी एकदा पाहिलं होतं, बोलायचे नाहीत त्याबद्दल.

खडूफळा

बरोबर. इथेही आधी टोकापासून टोकापर्यंत सांगड लागते, मगच किल्ली किंवा संदेश. हरकत मागे घेतो.

पाटीपेन्सिल

वाक्य असं केलंय: 'सांध्यावर दोन शेजारी सांगडी एकत्र मोजल्या की त्या सुटतात आणि दूरच्या टोकांत एकच लांब सांगड उरते.' पहिल्या उल्लेखाला 'क्वांटम सांधा, म्हणजे रिपीटर' असं लिहीन. आता शेजारची सांगड तयार होईपर्यंत कण जिथे थोपवून धरतात ती 'क्वांटम मेमरी'. मेमरीच ठेवू?

जोडतारी

पुढचा रूळ मोकळा होईपर्यंत गाडी उभी करतात त्याला लूप लाइन म्हणतात. पण तुम्ही मेमरीच ठेवा, सर पुन्हा हरकत घेतील.