मॉरिशसच्या मळ्यावरचे पहिले 'धनगर' आपलेच का?

पेठकिल्ला_७४: आमची आजी साखरेला 'मोरस'च म्हणायची, म्हणजे मॉरिशसची. तिच्या आजोबांचा थोरला भाऊ रत्नागिरीकडून मॉरिशसला उसाच्या कामावर गेला, तो परतलाच नाही. एवढंच घरात ठाऊक. परवा वाचलं की १८३४ मध्ये तिथल्या आंत्वानेत मळ्यावर जे पहिले ३६ भारतीय मजूर गेले, ते 'धनगर' होते. म्हणजे आपल्याकडचेच ना? त्यांच्यात शोधू का?

जुना_पॅनमन: नाही दादा, तिथेच घोटाळा होतो. छोटा नागपूरच्या डोंगरातल्या आदिवासींना कलकत्त्याकडे 'धांगड' म्हणत. इंग्रजी कागदांत त्याचं 'धनगर' झालं. मेंढरं राखणाऱ्या आपल्या धनगरांशी त्याचा संबंध नाही. १० सप्टेंबर १८३४ ला कलकत्त्यात पाच वर्षांचा करार झाला आणि 'ॲटलस' जहाजानं ही माणसं २ नोव्हेंबरला मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरली. ३० पुरुष, ६ बायका. गड्याला महिना पाच रुपये.

१८२५ मध्ये इंग्लंडनं मॉरिशसच्या साखरेवरची जादा जकात काढली, तसा बेटावर ऊसच ऊस झाला. १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली. मळेवाल्यांना हात हवे होते, तेही स्वस्तात.

मी साखर कारखान्यात पॅनवर, म्हणजे रस आटवून साखर धरतात त्या भांड्यावर, तीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर मॉरिशसला मुलीकडे गेलो तेव्हा आंत्वानेतला मुद्दाम जाऊन आलो. गिरणीचं धुराडं उभं आहे. त्या काळी रस उघड्या काहिलींच्या रांगेतून आटवत न्यायचे, खाली चिपाडांचा जाळ. दाणा धरेपर्यंत त्या धगीसमोर उभं राहणं काय असतं, ते मला कुणी सांगायला नको. पण मी थबकलो ते उसाच्या फडात. मधेच काळ्या दगडांचे घराएवढे ढीग रचलेले. जमीन साफ करताना मजुरांनी एकेक दगड उचलून लावलेले. दगड अगदी आपल्या सह्याद्रीसारखा. हात लावून पाहिला, तर डोळे भरून आले.

तुमचा माणूस मुंबईहून गेला असणार. रत्नागिरी-साताऱ्याची माणसं तिथूनच चढत.

मोका_रहिवासी: माझे पूर्वजही तसेच आले. आमच्याकडे मॉरिशसात, मोका गावी, महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या आहेत. प्रत्येकाला एक नंबर, पुढे बापाचं नाव, गाव, जहाज. आडनावावरून शोधू नका. इथे बापाचं किंवा आज्याचं नावच आडनाव होऊन बसलं, आणि कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलं. दोन-तीन उच्चार धरून बघावं लागतं. गैरहजेरीच्या एका दिवसाला दोन दिवसांची मजुरी कापत, त्यामुळे साठवून परत जाणं कित्येकांना जमलंच नाही. ते विसरले म्हणून आले नाहीत, असं समजू नका.

पेठकिल्ला_७४: दोघांचेही आभार. शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं. त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यायांच्या नामावळीत जुन्या पिढ्या आहेत, त्या गेलेल्या माणसाच्या बापाचं नाव तिथे मिळेल. शनिवारी निघतोय.